अबोल माणसाचा धंदा
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या हातात कागद आहे आणि मी तो बघूनच बोलणार आहे. सभेत कागद बघून बोलणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. मला तोंडपाठ बोलता येत नाही, आणि आजचा माझा विषयही तोच आहे. संयोजकांनी निरोप दिला की, जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने धंदा कसा केला ते आमच्या कपाशी-ज्वारीवाल्यांना सांगा. टोमॅटो-कांद्याचे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी बाजारात गेल्यावर गप्प होणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

असा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याचे शेत स्वच्छ, बांध नीट, पीक देखणे. पण माल विकायची वेळ आली की त्याच्या पोटात गोळा येतो. चार माणसांत घासाघीस करायची म्हटली की तो म्हणतो, "द्या काय द्यायचे ते." बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण लहानपणापासून ऐकून ऐकून अबोल माणसाने आपल्या मनाची समजूत घातली आहे की धंदा आपल्याला जमायचा नाही, आपण आपले पिकवावे.

मी म्हणतो, ही समजूत चूक आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. अबोल म्हणजे भित्रा नव्हे. स्वित्झर्लंडमधला मनाचा डॉक्टर युंग याने १९२१ साली माणसांच्या स्वभावावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी केली. काही माणसांना गर्दीत गेले की हुरूप येतो, काहींना गर्दीतून परत आल्यावर. एवढाच तो फरक. अंतर्मुख माणसाला बोलता येत नाही असे नाही. त्याला विचार करून बोलायचे असते, आणि बाजारात विचार करायला कोणी वेळ देत नाही. व्यापाऱ्याला हे बरोबर कळते. तो घाई करतो ती उगीच नाही.

या घाईची किंमत रुपयांत मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. सरकारी खरेदीचा नियम असा की ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे टक्का कपात, आणि १२ च्या वर असेल तर खरेदीच नाही. म्हणजे एका टक्क्याला ८१ रुपये १० पैसे. आता समजा, तुमच्या कापसात ओलावा खरोखर ९ टक्के आहे. खेडा खरेदीवाला मूठभर कापूस हातात घेऊन दाबतो आणि म्हणतो, "ओला आहे, चार टक्के धरू." तुम्ही गप्प. तीन टक्के फुकट गेले. क्विंटलला २४३ रुपये. वीस क्विंटलला ४,८६६ रुपये. काही मिनिटे गप्प बसण्याची ही किंमत झाली. बोलका शेतकरी तिथे भांडेल, आणि भांडून कदाचित दोन टक्के सोडवील. पण ज्याने घरी यंत्रावर ओलावा मोजून चिठ्ठीवर ९ लिहून आणले आहे, त्याला भांडायची गरज नाही. त्याने चिठ्ठी पुढे करायची. यंत्र प्रत्येकाने घ्यावे असेही नाही, दहा जणांच्या गटात एक पुरते.

तुम्ही म्हणाल, हे सांगणे सोपे आहे, तुमच्याकडे कुकडीच्या धरणांचे पाणी आहे. आहे. माणिकडोह आहे, येडगाव आहे, डिंभे आहे. पण आंबेगाव तालुक्यात पेठजवळ सातगाव पठार म्हणून भाग आहे. तिथे पावसाच्या भरवशावर खरिपात बटाटा घेतात. त्या पठारावरच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी चिप्स बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर लागवडीआधी भाव ठरवून करार केले. करारात गोम असते. माल बाद करायचे निकष कंपनी लिहिते, आणि बाजारात भाव चढला तर शेतकरी हळहळतो. म्हणून करार सगळ्यांनी करावा असे मी म्हणणार नाही. पण एक बघा, करारात बोलणे एकदाच होते, तेही पेरणीआधी, कागद समोर ठेवून, घरी नेऊन चार वेळा वाचून. अबोल माणसाला पाहिजे तशी ही जागा आहे. काढणीच्या दिवशी, माल गाडीत भरलेला असताना, त्याला तोंड उघडावे लागत नाही.

भावासाठी बोलावे लागते हीसुद्धा निम्मीच खरी गोष्ट आहे. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. तेव्हा मुक्याचा टोमॅटोही विकला गेला. ज्या वर्षी माल उदंड होतो आणि क्रेटचा तोडणीचा खर्चही निघत नाही, त्या वर्षी गावातला सर्वांत बोलका माणूसही माल रस्त्याकडेला ओतून येतो. बोलण्याने फरक पडतो तो क्रेटमागे दहा-वीस रुपयांचा. भाव ठरतो आवक आणि गरजेवर. मग आपले डोके त्या दहा-वीस रुपयांच्या घासाघिशीत घालायचे की माल केव्हा, कोणत्या प्रतीचा, कोणाला द्यायचा यात घालायचे?

न बोलता सौदा करण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. जुन्नर तालुक्यात बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार भरतो. आपल्या बैलबाजारांतली जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे. दलाल शेतकऱ्याचा हात रुमालाखाली घेतो, बोटे दाबतो, मान हलते, सौदा ठरतो. तोंडातून शब्द नाही. पण याला मी अबोल धंदा म्हणत नाही. तो छुपा धंदा. शेजारच्याचा बैल कितीला गेला हे तुम्हाला कळू नये म्हणून तो रुमाल असतो. अबोल असणे वेगळे आणि लपवाछपवी वेगळी. उलट अबोल माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती उघड्यावर लिहिलेल्या भावाची, कारण तो चारजणांना विचारत फिरणार नाही.

आणि उघड बाजाराची सुरुवात कुठे झाली? तुमच्या कापसाच्या मुलखात. वऱ्हाडात कारंजाला १८८६ साली नियमाखाली चालणारा कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजाला मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस नेमक्या भावाने पाहिजे होता, आपल्या कल्याणासाठी त्याने तो केला नाही, हे विसरू नका. पण खुले वजन, ठरलेले माप, लिहिलेला भाव या गोष्टी त्यातून आल्या. पुढे १९६३ च्या बाजार समिती कायद्यात उघड लिलाव आणि हिशेबपट्टी आली. हा सगळा कायदा कागदावर तरी कमी बोलणाऱ्याच्या बाजूचा आहे. हिशेबपट्टी मागायला मात्र तोंड उघडावे लागते. तेवढे उघडा.

कापूसवाल्यांची आणखी एक अडचण आहे, ती आम्हा भाजीवाल्यांना नव्हती. १९७२ पासून पुढे सुमारे तीस वर्षे राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. विकणे म्हणजे गाडी लावणे, ग्रेडर म्हणेल ती प्रत घेणे आणि चुकाऱ्याची वाट बघणे. बोलका आणि अबोल, दोघेही तिथे सारखेच मुके. ती व्यवस्था गेल्यावर बाजार एकदम अंगावर आला आणि दोन पिढ्यांना विक्रीची सवयच नव्हती. आजही कोणी म्हणतो, "माझा स्वभावच धंद्याचा नाही," तेव्हा मला वाटते, हा स्वभाव कमी आणि सवय नसणे जास्त. यातली सवय करता येते.

आता आमच्या भागातल्या एका धंद्याचे सांगतो, तो पाहायला मात्र मुंबईला जावे लागते. मुंबईचे डबेवाले. ते बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले, संगमनेर या भागातले. खडकाळ जमीन, पावसाचे पीक, म्हणून मुंबईला गेलेली माणसे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. १९५६ साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ट्रस्ट नोंदला गेला. २०२० च्या आधी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत होती. टाळेबंदी आली, कचेऱ्यांचे काम घरून सुरू झाले, आणि या धंद्याला मोठा मार बसला. पुष्कळजण गावी परतले, ते सगळे पुन्हा गेले नाहीत. पण शंभरावर वर्षे तो चालला कसा, हे बघण्यासारखे आहे.

डबेवाला गिऱ्हाइकाशी बोलतो किती? सकाळी घराच्या दारात डबा तयार असतो, तो उचलतो. दुपारी कचेरीत ठेवतो. बोलणे जवळजवळ नाहीच. बोलते ते डब्याचे झाकण. त्यावर रंगाने खुणा केलेल्या असतात. कोणत्या भागातून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला. एक डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो. प्रत्येक जण खूण बघतो आणि पुढे देतो. ही माणसे शाळा फार शिकलेली नव्हती. पण आपले काम त्यांनी असे बांधले की विचारावेच लागू नये. मुंबईच्या गर्दीत, लोकलच्या घाईत विचारत बसायला वेळ कुठला?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डबेवाल्यांच्या टोळीला मुकादम असतो. नवे गिऱ्हाईक जोडणे, तक्रार ऐकणे, डबा हरवला तर भांडण मिटवणे, महिन्याचे पैसे हा मुकादमाचा प्रांत. टोळीतल्या बाकीच्यांनी डबे वाहायचे आणि मिळकत वाटून घ्यायची. म्हणजे टोळीत बोलणारा एक असला तरी भागते. आपण काय करतो? गावातल्या चाळीस कापूसवाल्यांनी चाळीस वेळा त्याच व्यापाऱ्याशी चाळीस वेगळी भांडणे करायची, आणि त्यातल्या पस्तीसजणांना भांडताच येत नाही. चाळीसांतून एक चांगला बोलणारा निवडा, त्याला क्विंटलमागे काही रुपये मेहनताना द्या आणि बाकीच्यांनी प्रतवारी करा. मात्र मुकादमावर वही पाहिजे. बोलणारा माणूस उपयोगाचा असतो, पण त्याच्या हातात हिशेबही दिला की दोन वर्षांत तो पुढारी होतो. (हसू नका, तुमच्याही जिल्ह्यात आहेत.)

टोळीचा धंदा आमच्याकडे फार जुना. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातले शिलालेख आहेत. त्यात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकायची, असे लोक सांगतात.

आणि नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. ढोलकी-हलगीचा एवढा मोठा आवाज विकायचा, पण तो विकला जातो राहुटीत, सतरंजीवर, तारखांची वही समोर ठेवून. तारीख मोकळी आहे की नाही हे वही सांगते. सुपारी दिली, वहीत नाव चढले. रंगमंचावर बोलणारा वेगळा, वही सांभाळणारा वेगळा.

माझे स्वतःचे सांगायचे तर मी रोपवाटिका चालवतो. टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपे. अठ्ठ्याण्णव खणांचे ट्रे, नारळाच्या भुशात बी, टोमॅटोचे रोप साधारण तीन आठवड्यांत लागवडीला येते. एकरी पाच-सहा हजार रोपे लागतात. या धंद्यात तोंडाळ माणूस पाहिजे असे मला सगळ्यांनी सांगितले होते, कारण रोप मेले की शेतकरी भांडायला येतो. मी काय केले, तर जे बोलावे लागेल ते आधीच लिहून टाकले. दारात फळा आहे. कोणत्या तारखेला कोणत्या वाणाची किती रोपे तयार होतील, त्यातली किती ठरलेली, किती मोकळी, आणि भाव. भाव सगळ्यांना एक. प्रत्येक ट्रेबरोबर चिठ्ठी जाते, तिच्यावर बियाण्याचा लॉट नंबर, पेरल्याची तारीख, कोणती फवारणी केव्हा केली. भांडायला आलेला माणूस चिठ्ठी घेऊन येतो, मी माझी वही काढतो, दोन्ही शेजारी ठेवतो. त्याच लॉटची रोपे आणखी कोणाकडे गेली ते वहीत असते. दोघे मिळून तिकडे जाऊन बघतो. तिथेही रोपे मेली असतील तर बियाणे किंवा मी, तिथे उभी असतील तर पाणी किंवा लागवड. माझा आवाज चढत नाही, त्याचाही उतरतो.

फोन मी संध्याकाळी सात ते आठ एवढाच घेतो, आणि ती वेळ फळ्यावर लिहिली आहे. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, हा स्वतःला कलेक्टर समजतो. पण दिवसभर फोन वाजत राहिला तर माझ्यासारख्याचे कामही होत नाही आणि बोलणेही धड होत नाही. पुण्यात चितळे बंधूंचे दुकान वर्षानुवर्षे दुपारी बंद असायचे आणि त्यावर अख्खे गाव विनोद करायचे. संध्याकाळी तेच गाव रांगेत उभे असायचे. माल रोज एकसारखा असेल तर गिऱ्हाईक तुमची वेळ सांभाळते.

अबोल माणूस खरा मरतो तो उधारीत. घासाघीस एका दिवसाची, उधारीची वसुली वर्षभराची. मागायला जायचे, दारात उभे राहायचे, चहा पिऊन विषय न काढता परत यायचे. पैसेवाला बोलका असतो, "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणतो, आणि आपणच त्याला "असू द्या" म्हणून येतो. यावर मी एकच उपाय जाणतो. मागायची वेळच येऊ द्यायची नाही. माझ्याकडे नोंदणीला निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली ट्रे गाडीत चढण्याआधी. "उधारी बंद" ही पाटी दुकानोदुकानी असते, तिच्याखाली बसून उधारी चालते. पाटी खरी की खोटी हे मेव्हणा आला म्हणजे कळते. पहिल्या मेव्हण्याला नाही म्हणालात की पुढे कोणाला म्हणावे लागत नाही, बातमी तीच पोचवते.

तुमच्या कडब्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगून तुमच्या पिकांकडे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या तंत्रशाळेत चित्ररेखनाचे शिक्षक. यंत्रात रमणारा माणूस. बेळगावात त्यांनी सायकलींपासून सुरुवात केली, मग कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असे तेव्हा शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला पटले ते नांगर जमिनीत चालताना बघून. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक निघाले, ते शंकरराव किर्लोस्करांनी चालवले. त्यातून गिऱ्हाइकाला छापील खबर घरी पोचू लागली. एकाने करायचे, दुसऱ्याने लिहायचे. दोघांपैकी कोणालाही बाजारात उभे राहून ओरडावे लागले नाही.

आता ज्वारी. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये. बाजारात पोते नेऊन ओतले की ती सगळ्यांची ज्वारी होते, तुमची राहत नाही. पण शहरात भाकरी खाणारी घरे आहेत आणि त्यांना एकसारखी, चाळलेली, किडे नसलेली ज्वारी पाहिजे असते. महिन्याला दहा किलो खाणारे घर वर्षाला १२० किलो घेते. पंचवीस घरे म्हणजे ३० क्विंटल. कोरडवाहू शेतकऱ्याला पंचवीस घरे पुरेत, पाचशे नकोत. अबोल माणसाला पंचवीस घरांशी संबंध ठेवता येतो, कारण त्याला गर्दीचा त्रास होतो, माणसांचा होत नाही. एकेका घराशी तो नीटच बोलतो. पिशवीवर गाव, वाण, काढणीचा महिना आणि वजन लिहा. वर्षाचा भाव सुगीत एकदाच कळवा, पोस्टकार्डावर लिहा की फोनवर संदेश पाठवा. मधे बदलू नका. कडबा शेकड्यावर विकताना पेंढी लहान-मोठी म्हणून वाद होतो. कुट्टी करून वजनावर विकला तर काटा बोलेल.

कपाशीचे काम अधिक अवघड, कारण कापूस घरोघर विकता येत नाही. तिथे प्रत हेच तोंड. पहिल्या दोन वेचण्या वेगळ्या ठेवा, कवडी आणि पावसात भिजलेला कापूस त्यात मिसळू देऊ नका, दव उतरल्यावर वेचा, सुती कापडात बांधा. आणि गटाने मिळून एकदा तरी जिनिंगला स्वतःसमोर कापूस पिंजून रुईचा उतारा लिहून घ्या. क्विंटलमागे ३४ किलो रुई निघते की ३६, हे व्यापाऱ्याला माहीत असते, तुम्हाला नसते. तो जे जाणतो आणि तुम्ही जाणत नाही, त्यावर त्याचा नफा उभा आहे. त्याच्या बडबडीवर नाही. २०२५ च्या हंगामापासून सरकारी कापूस खरेदीची नोंदणी आणि दिवस ठरवणे फोनवरच्या 'कपास किसान' ॲपवर आले. ज्यांच्याकडे साधा फोन त्यांची त्यात अडचण होते, त्यांची नोंदणी गटातल्या पोरांनी करावी. पण रांगेत ओळख काढण्यापेक्षा हे अबोल माणसाला बरे.

सभेआधी एका ताईंनी मला विचारले, घरात हिशेब मी ठेवते, माल विकायला मालक जातात, ते काही बोलत नाहीत, मी काय करू? ताई, तुम्ही जा. बाजारात बाईमाणूस कशाला, असे म्हणतील. हिशेब ज्याच्या डोक्यात आहे त्याने काट्याजवळ उभे राहावे, मालकांनी गाडी हाकावी. दोघांनाही ते सोपे पडेल.

वहीचा एक नमुना मी आणला आहे. वेचणीची तारीख, वजन, ओलावा, कोणाला दिला, भाव, कपात, पैसे मिळाल्याची तारीख, एवढे सात रकाने. मंडपाच्या दाराशी टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. ज्यांना काही विचारायचे आहे त्यांनी तिथे यावे, मी जेवणाच्या सुट्टीत बसणार आहे. इथे माईकवरून प्रश्न नकोत.